मांजराच्या ट्रेखालचा वजनकाटा घरी कसा करायचा

साखर कारखान्यातल्या ऊस वजनकाट्याची देखभाल करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, आकडा थोडा वेळ हलतो, मग स्थिरावतो. त्या पोलादी पाटाखालचे लोडसेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, आणि आमच्या दादू बोक्याच्या लिटर ट्रेखालचे (तो शी-शू करतो त्या वाळूच्या ट्रेखालचे) लोडसेल एकाच तत्त्वावर चालतात. धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या तारेचा रोध किंचित बदलतो आणि तो बदल आपण मोजतो.

हा काटा मी केला तो आमची मांजर चिंगी गेल्यावर. तेरा वर्षांची होती. खायची, माळ्यावर चढायची, रात्री पायाशी झोपायची. अंगावरून हात फिरवताना पाठीचे मणके बोटांना टोचले तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. मूत्रपिंडाने गाळून टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते, हे त्या दिवशी कळलं. मांजर दुखणं लपवतं. पण उतरलेलं वजन चिंगीला लपवता आलं नसतं, मी मोजलं असतं तर. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम जाणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरण्यासारखं आहे, आणि दाट केसांखाली ते नजरेला दिसत नाही.

आई म्हणाली, "अरे, मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं." रीत चुकीची नाही. पण आमचा माणसांचा काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, दोनदा मोजलं की चूकही दोनदा येते, आणि आमची सोनी असं उचलून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. ट्रेवर मात्र मांजर रोज तीन-चार वेळा आपल्या पायांनी येतं.

सामान फार नाही. ५० किलो क्षमतेचे, तीन वायरींचे चार लोडसेल, लोडसेलचा बारीक सिग्नल आकड्यांत बदलणारी एचएक्स-७११ची छोटी पाटी, ते आकडे वायफायवरून पाठवणारा ईएसपी-३२ बोर्ड, मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, १२ मिलिमीटरचा प्लाय आणि सोल्डरिंगचं साहित्य. मी सांगलीत बसून ऑनलाइन मागवलं. पुण्यात असाल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला हे हातात घेऊन बघता येतं. चारही सेल एकाच पाकिटातले घ्या, कारण उत्पादकागणिक वायरींचे रंग बदलतात.

प्लाय ट्रेपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा कापा आणि वरून सनमायका लावून घ्या, कडांना पॉलिशचे दोन हात द्या. बोक्याचा नेम कधीतरी चुकतोच आणि मूत प्यालेला प्लाय फुगतो. त्याचं स्वतःचं वजनही बदलत राहतं.

आता लोडसेल बसवण्याबद्दल. बहुतेकांचा काटा इथेच बिघडतो, म्हणून जरा थांबून सांगतो. हा सेल म्हणजे चौकोनी पत्रा, त्यात मधोमध एक जीभ कापलेली. बाहेरची चौकट धरून ठेवली आणि जिभेवर भार आला की ती वाकते, तेच आपल्याला मोजायचं आहे. पहिल्या वेळी मी चारही सेल प्लायला सपाट चिकटवून टाकले. वर पाच किलो ठेवले तरी आकडा जागचा हलेना, कारण जिभेला वाकायला जागाच नव्हती. चौकट तेवढी टेकली पाहिजे आणि जिभेच्या मागे पोकळी हवी. थ्रीडी प्रिंटर असेल तर यासाठीच्या खोबणी छापता येतात. माझ्याकडे नव्हता, म्हणून ४ मिलिमीटर प्लायच्या चौकोनी चकत्या कापून त्यांना मधे भोक पाडलं, सेलची चौकट चकतीवर बसवली आणि जिभेचा उंचवटा खाली जमिनीकडे केला. बोटाने दाबून बघा. जीभ अगदी जराशी दबल्यासारखी वाटली पाहिजे. चारही पाय जमिनीला एकसारखे टेकले पाहिजेत. डगमगणाऱ्या फळीवर मांजर एकदा चढेल, दुसऱ्यांदा पलंगाखाली जाऊन कार्यक्रम उरकेल.

वायरी जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. ज्या दोन वायरींमध्ये रोध साधारण २००० ओहम येतो ती टोकं, उरलेली मधली. मधलीपासून दोन्हीकडे साधारण १००० ओहम येतात. माझ्या सेलमध्ये टोकं पांढरी आणि काळी होती, मधली लाल. आता फळीभोवती गोल फिरत जोडत चला: पहिल्या आणि दुसऱ्या सेलची पांढरी एकमेकींना, दुसऱ्या-तिसऱ्याची काळी, तिसऱ्या-चौथ्याची पांढरी, चौथ्या-पहिल्याची काळी. चार लाल वायरी उरतात. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन लाल एचएक्स-७११च्या ई-प्लस आणि ई-मायनसला (इथून सेलना वीज मिळते), दुसऱ्या तिरक्या जोडीतल्या दोन ए-प्लस आणि ए-मायनसला (इथे सिग्नल मोजला जातो). हाच व्हीटस्टनचा ब्रिज, रोधातला बारीकसा बदल टिपणारी जोडणी. वजन ठेवल्यावर आकडा उतरत असेल तर ए-प्लस आणि ए-मायनसची अदलाबदल करा.

एचएक्स-७११ला ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्ट दिलेत तर त्याच्या डेटा पिनवरही ५ व्होल्ट येतील आणि ईएसपी-३२च्या पिना तेवढं सोसण्यासाठी केलेल्या नाहीत. स्वस्तातल्या काही हिरव्या पाट्यांमध्ये ई-मायनस ग्राउंडला जोडलेलंच नसतं. आकडे वेड्यासारखे पळत असतील तर आधी हे तपासा आणि लागलं तर एक तार टाकून जोडून घ्या. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली होती. सगळ्या वायरी प्लायच्या खालून टेपने बसवा आणि भिंतीपर्यंत येणारी केबल विजेच्या कामातल्या प्लास्टिकच्या पट्टीतून न्या, कारण सोनी वायर चावते. २३० व्होल्टचं काहीही ट्रेजवळ आणू नका.

सॉफ्टवेअरसाठी मी होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र बघणारं) आणि ईएसपीहोम (ईएसपी-३२ बोर्डावर चालणारं) वापरतो. ईएसपीहोममध्ये एचएक्स-७११ची सोय तयारच आहे. डेटा आणि क्लॉक या दोन पिना सांगायच्या, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) १२८ ठेवायचा. काट्याचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवण्यासाठी दोन नोंदी पुरतात, एक रिकाम्या फळीची आणि एक माहीत असलेल्या वजनाची. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं ५ किलोचं लोखंडी वजन तासाभरासाठी मागून आणलं. ते मिळालं नाही तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दुकानातल्या काट्यावर मोजून आणा. मग कारखान्यात करतो तेच करायचं: वजन चारही कोपऱ्यांवर पाळीपाळीने ठेवून बघायचं. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा ५० ग्रॅमहून जास्त वेगळं बोलत असेल तर तिथला सेल नीट टेकलेला नाही. मांजर ट्रेच्या मधोमध कधीच बसत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नका.

मधूनच एखादा आकडा भलताच येईल, शंभर किलो किंवा उणे चाळीस. एचएक्स-७११ची क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वर राहिली की तो झोपी जातो आणि वायफायच्या कामात गुंतलेल्या ईएसपी-३२कडून असं कधीकधी होतं. सरासरी काढलीत तर हा एक आकडा सगळं बिघडवतो. त्यामुळे सरासरीऐवजी मीडियन घ्या: लागोपाठचे सात आकडे चढत्या क्रमाने लावून मधला.

मांजराचं वजन ठरवण्याची माझी रीत अशी. भार एकदम दीड किलोहून जास्त वाढला, म्हणजे कोणीतरी चढलं. ते उकरतं, फिरतं, तेव्हाचे आकडे निरुपयोगी. सलग पाच सेकंद आकडा ३० ग्रॅमच्या आत राहिला की तो धरायचा. तेवढा वेळ मांजर स्थिर बसतंच, ते कशासाठी हे सांगायला नको. उतरल्यावर दोन मिनिटं थांबून आधीच्या आणि आताच्या रिकाम्या ट्रेमधला फरक नोंदवायचा. दादूचा हा फरक बहुतेक वेळा ३० ते ५० ग्रॅम असतो. या चार सेलची मिळून क्षमता २०० किलो आहे, त्यामुळे १० ग्रॅमच्या आतल्या फरकावर मी काहीच ठरवत नाही.

दादू ५.२ किलोचा आणि सोनी ३.३ची, म्हणून वजनावरूनच ओळख पटते. तुमच्या दोघांत चारशे ग्रॅमपेक्षा कमी फरक असेल तर वर एक छोटा कॅमेरा लावावा लागेल.

शून्य कधी धरायचं याचा विचार आधीच करा. बोर्ड चालू होताना शून्य धरायचं असं लिहू नका. आमच्याकडे लाईट जाते-येते. ती आली त्या क्षणी ट्रेत सोनी बसलेली होती आणि दिवसभर काटा तिला शून्य समजत राहिला. शून्याची किंमत बोर्डाच्या मेमरीत साठवा आणि ट्रे दहा मिनिटं शांत असेल तेव्हाच थोडीथोडी सुधारा.

फळी तयार झाली की वीज न जोडता दोन दिवस नुसती ट्रेखाली ठेवा. मांजराला उंची बदललेली लगेच कळते. त्या दिवसांत वाळूही तीच ठेवा, जागाही तीच.

सूचना मी तीनच ठेवल्या आहेत. आठवड्याची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीपेक्षा तीन टक्क्यांनी उतरली तर फोनवर संदेश. चोवीस तासांत एखादं मांजर ट्रेवर आलंच नाही तर संदेश. आणि दादू दोन तासांत चार वेळा आला, पण ट्रेचं वजन वाढलं नाही, तर मोठ्याने भोंगा, मध्यरात्र असली तरी.

तो भोंगा मागच्या श्रावणात पहाटे तीनला वाजला. दादू ट्रेत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा, फरक शून्य. बोक्याची मूत्रनलिका लांब आणि अरुंद असते, त्यात खडे किंवा गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बायकोने टोपली काढली, मी डॉक्टरांना उठवलं. त्यांनी भूल देऊन नळी घातली, तिसऱ्या दिवशी दादू घरी आला. तेव्हा डॉक्टरांनी फोनवरचा आलेख मागून घेतला. शेवटची नीट लघवी कधी झाली, हे त्यांना मिनिटासकट कळलं. तुमच्या बोक्याचं असं काही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

देखभाल एकच आहे, पण ती चुकवू नका. कारखान्यात काट्याच्या पाटाखाली चिखल आणि पाचट अडकलं की वजन कमी दाखवतं. इथे तेच काम वाळूचे खडे करतात. प्लाय आणि जमिनीच्या मधे एक खडा अडकला की त्या कोपऱ्याचा भार सेलऐवजी खडा घेतो. दर रविवारी ट्रे धुताना मी फळी उभी करतो, खाली झाडू मारतो, जिभांभोवती जुना दाढीचा ब्रश फिरवतो, फळी ठेवतो आणि चारही कोपऱ्यांवर पाळीपाळीने एक किलोचं मिठाचं पाकीट ठेवून बघतो. पाकिटाचं नेमकं वजन मी फळीच्या कडेला पेनने लिहून ठेवलं आहे: १००६ ग्रॅम.