मुलाला फ्रेंच नाव ठेवताय? या चुका टाळा (यातल्या बऱ्याच आम्ही करून झाल्यात)

आम्ही फ्रान्समध्ये तुलूझला नऊ वर्षं राहतोय. माझ्या नावाची सुरुवातच 'हृ'ने होते आणि फ्रेंच माणूस ह म्हणतच नाही, तर नऊ वर्षांत माझ्या नावाचं काय काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. म्हणून बाळाची चाहूल लागली तेव्हाच ठरवलं की मुलगा झाला तर नाव इथलंच ठेवायचं, पोराला प्रत्येक काउंटरवर स्पेलिंग सांगत बसायला नको. मला वाटलं सोपं काम आहे, यादी उघडायची, आवडेल ते उचलायचं. कसलं सोपं!

पहिली चूक तिथेच होते, यादीत. नेटवर "फ्रेंच बॉय नेम्स" टाकलं की ज्या याद्या येतात त्या बहुतेक अमेरिकन लोकांनी अमेरिकन लोकांसाठी केलेल्या असतात. त्यात बो, लेरॉय, रसेल, पर्सी असली नावं असतात. आता मूळ फ्रेंच म्हणाल तर आहे, रसेल आणि पर्सी ही आडनावं 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडला गेली आणि तिकडेच राहिली, पण फ्रान्समधल्या बालवाडीत तुम्हाला रसेल सापडणार नाही. 'बो' म्हणजे तर फ्रेंचमध्ये सरळ 'देखणा', म्हणजे आपल्याकडे कुणी पोराचं नाव 'देखणा पाटील' ठेवावं तसं. त्यापेक्षा इन्सेची फाइल बघा. इन्से म्हणजे इथलं सरकारी सांख्यिकी खातं, त्यांनी 1900 पासूनची दर वर्षाची नावं फुकट ठेवलीयेत, कुठलं नाव कुठल्या वर्षी किती मुलांना ठेवलं ते दिसतं, जिल्ह्यानुसारसुद्धा.

आणि ते वर्ष बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण दुसरी चूक वयाची. पुण्यात फ्रेंचच्या क्लासला पुस्तकात जे भेटले ते मिशेल, जेरार, बेर्नार, जाँ-क्लोद, ते सगळे आता आजोबा आहेत. फिलिप साठच्या दशकातला, स्तेफान सत्तरच्या, निकोला ऐंशीच्या आसपासचा. तुम्ही आज जन्मलेल्याला जेरार ठेवलंत तर ते आपल्याकडे आत्ता एखाद्या बाळाला 'दत्तात्रय' किंवा 'पांडुरंग' ठेवल्यासारखं होतं, वाईट काही नाही पण नर्स दोनदा बघते. गंमत म्हणजे त्याहूनही जुनी, पणजोबांच्या काळातली नावं परत जोरात आहेत, झ्यूल, लेओं, मार्सेल, गास्तों, लुई, आर्त्यूर. म्हणजे आजोबांचं नाव चालत नाही, पणजोबांचं चालतं. आपल्याकडे नाही का मध्ये सगळीकडे अर्जुन आणि कबीर झाले, तसंच.

केविनचं प्रकरण वेगळंच. 1990च्या आसपास काही वर्षं केविन हे नाव मुलांमध्ये पहिल्या नंबरावर होता, आणि मग त्या नावाची इतकी टिंगल झाली की आजही इथे "हा अगदी केविन आहे" म्हटलं की लोक गालात हसतात. त्या पिढीच्या पोरांचा काही दोष नाही बिचाऱ्यांचा. पण ऑफिसमधल्या मैत्रिणीला आम्ही केविन सुचवलं तर ती नुसतीच "हं" म्हणाली. फ्रेंच माणसाचं "हं" म्हणजे नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. नाव वाचून पसंत करायचं. फ्रेंच नाव वाचायचं नसतंच, ऐकायचं असतं, कारण कागदावर जे असतं त्यातलं निम्मं तोंडात येत नाही. शेवटचा एस जातो, टी जातो, एच तर जन्मालाच येत नाही. आपण वाचतो थॉमस, ते म्हणतात तोमा. आपण वाचतो ह्यूगो, ते म्हणतात यूगो. (आमच्या एका नातेवाइकांनी पत्रिका बघून हू, हे, हो, डा ही पुष्य नक्षत्राची अक्षरं कळवली, मग ह्यूगो काढलं, आणि मग कळलं की हू इथे कुणी म्हणणारच नाही. आता नक्षत्र कशाला धरायचं, कागदाला की तोंडाला? गुरुजींनी "बघू" म्हणून फोन ठेवला.)

बायकोला बेनॉइट आवडलं होतं. तिने कुठेतरी वाचलं, छान वाटलं, मी पण म्हटलं भारदस्त आहे. मग शेजारच्या काकूंनी म्हणून दाखवलं तर ते निघालं 'बनवा'. अक्षरशः बनवा. आता कोल्हापूरहून आई फोन करणार आणि विचारणार काय चाललंय, आणि आम्ही सांगणार, बनवा झोपलाय. पोहे बनवा, चहा बनवा, आणि हा नुसताच बनवा. ते तिथेच कॅन्सल.

अशी आणखी बरीच आहेत म्हणून सांगतो. पॉल इथे 'पोल'च्या जवळ जातं, आणि पोल म्हटलं की आपल्याला फक्त ती उघडी पडायचंच आठवतं. अशील म्हणजे तो ग्रीक योद्धा अकिलीस, इथे नाव म्हणून बऱ्यापैकी चालतं, पण माझा मावसभाऊ वकील आहे, तो म्हणाला माझ्याकडे रोज दहा अशील येतात, अजून एक पाठव. काँतँ, जे लिहिताना क्वेंटिनसारखं दिसतं, ते आत्याने एका फोनमध्ये 'कांता' करून टाकलं, आणि मुलगी झाली की काय म्हणून दुसऱ्या आत्याचा फोन आला. राफाएलबद्दल तर बोलायलाच नको, ते इथे सध्या टॉपच्या नावांत आहे, गाब्रिएल, लेओ, लुई यांच्या जोडीला, पण गावाकडे नाव सांगितलं की समोरून "विमान?" असंच येतं. आता ते विमान आमच्यापासून अडीच तासांवर बोर्दोजवळ मेरिन्याकला तयार होतं आणि त्याच्या नावाचा अर्थ वाऱ्याचा झोत, ज्याच्यावरून हे नाव आलं त्या राफाएल देवदूताशी काही संबंध नाही, पण हे प्रत्येक काकाला कोण समजावणार.

उलटं पण तपासा. घरचं नाव फ्रेंच कानाला कसं लागतं ते. रवी म्हणजे फ्रेंचमध्ये 'आनंदित', ऐकायला बरंय, पण दक्षिणेत प्रोव्हाँसकडे नाताळच्या देखाव्यात मातीच्या बाहुल्या मांडतात त्यात 'रावी' नावाचा हात वर केलेला भोळसट गडी असतो, आणि तिकडे कुणाला रावी म्हणणं म्हणजे बावळट म्हणणं. रोहन मात्र मस्त निघालं, रोआं हे ब्रिटनी या फ्रान्सच्या वायव्येकडच्या प्रांतातलं जुनं सरदार घराणं, स्ट्रासबुर्गला त्यांचा राजवाडा आहे. मिलानही इथे चालतं, फक्त त्याचा अर्थ फ्रेंचमध्ये घार होतो.

मुलगा की मुलगी हा घोळ पण असतो. मिशेल, दानिएल, पास्काल, फ्रेदेरिक, जोएल यांचं मुलाचं आणि मुलीचं नाव लिहायला वेगळं, ऐकायला एकच. कामिय तर लिहायलाही एकच आणि हल्ली मुलींमध्येच जास्त. आणि जाँ नुसतं ठेवलंत तर इंग्रजी वाचणारा प्रत्येक माणूस 'जीन' म्हणणार, एकतर बाई नाहीतर पँट.

आता टिंबांबद्दल, कारण हे कुणी आधी सांगत नाही. फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, टोप्या, काने असतात आणि आपल्या पासपोर्टवर ती येत नाहीत. आमची सहा महिने पसंती होती माएल. ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीकडचं नाव, सुंदर, छोटं, र नाही (फ्रेंच र मला नऊ वर्षांत जमलेला नाही, पोराला हाक मारताना तरी घसा खरवडायला नको). पण त्यातल्या ई वरची दोन टिंबं काढा आणि इंग्रजी अक्षरांत उरतं ते एम ए ई एल. आईने ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "मैल? कानातला की रस्त्यावरचा?" संपलं माएल. मूल इथे जन्मलं तरी आईबाप दोघं भारतीय असतील तर ते आपोआप फ्रेंच होत नाही, एका वर्षाच्या आत दूतावासात जन्म नोंदवावा लागतो, म्हणजे पहिला पासपोर्ट आपलाच येणार. तेव्हा नाव आधीच टिंबांशिवाय कॅपिटलमध्ये लिहा आणि घरातल्या सगळ्यात परखड बाईला वाचायला द्या.

फ्रेंच सरकारलासुद्धा सगळी टिंबं चालत नाहीत बरं का. 2014च्या परिपत्रकात कुठली चिन्हं चालतील याची यादीच आहे आणि त्यात एन वरची नागमोडी रेघ नाही. 2017 मध्ये कँपेरला एका जोडप्याने पोराचं नाव फाँश ठेवलं, फ्रांस्वाचं ब्रेतों रूप, त्यात ती रेघ येते, तर आधी कोर्टाने नकार दिला आणि मग 2018 मध्ये रेनच्या अपील कोर्टाने परवानगी दिली. एका रेघेसाठी एवढं.

आडनावाचं गणित आमच्या डोक्यातच नव्हतं. आमचं आडनाव मोरे, इंग्रजीत एम ओ आर ई. फ्रेंच माणूस शेवटचा ई गिळतो आणि उरतो 'मॉर', आणि मॉर म्हणजे मेलेला. मला इतकी वर्षं "मस्यू मॉर" म्हणून हाका मारतात, सवय झाली. पण एकदा दवाखान्यात बायको व्हिक्तोर हे नाव आडनावासकट म्हणून बघत होती, व्हिक्तोर मॉर, आणि शेजारची म्हातारी एकदम वळून तिच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन करायला लागली. फ्रेंच लोक स्वतः असले विनोद करतात, जाँ बों हे नाव-आडनाव एका दमात म्हटलं की 'जांबों', म्हणजे हॅम होतं वगैरे, पण आपल्या आडनावांचं आपल्यालाच बघावं लागतं. साळे इंग्रजीत एस ए एल ई लिहीत असाल तर फ्रेंचमध्ये घाणेरडा, गाळे लिहीत असाल तर खरूज. पोटे मात्र नशीबवान, पोत म्हणजे दोस्त. इथे 2005 पासून बापाचं, आईचं किंवा दोघांचं आडनाव लावता येतं, आम्ही मोरेच्या पुढे बायकोचं कदम जोडलं, त्यामुळे मॉरवर वाक्य संपत नाही.

आणि बारसं! आपण म्हणतो बाराव्या दिवशी पाळण्यात घालू, आत्या कानात सांगेल, तेव्हा ठरवू. इथे मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, पाच दिवसांत जन्म नोंदवावा लागतो. पूर्वी तीनच दिवस होते, 2016च्या कायद्याने पाच झाले. जन्माचा दिवस धरत नाहीत, शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो, पण ती मुदत चुकली की कोर्टातून निकाल आणावा लागतो, तेव्हा आत्याची वाट बघू नका.

नाकारतील का, ही भीती बऱ्याच जणांना असते. 1803च्या कायद्याने फक्त कॅलेंडरातली संतांची आणि प्राचीन इतिहासातली नावं चालायची, तो जमाना 1993 ला संपला. आता काहीही ठेवा, फक्त मुलाला त्रास होईल असं वाटलं तर अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो आणि जज नाव खोडू शकतो. तितेफ या कॉमिकमधल्या पोराचं नाव असंच 2012 ला थेट वरच्या कोर्टापर्यंत जाऊन पडलं.

चूक झालीच तर? दाखल्यावर एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात आणि कायद्याने त्यातलं कुठलंही रोजचं नाव म्हणून वापरता येतं. म्हणून एक फ्रेंच, एक मराठी, दोन्ही लिहा, मध्ये स्वल्पविराम येतो. पण सवयीने मधल्या जागी बापाचं नाव लिहू नका, इथे ते मुलाचंच दुसरं नाव होतं. अगदीच बदलायचं झालं तर 2016 पासून कोर्ट लागत नाही, सबळ कारण दाखवून मेरीतच अर्ज करता येतो.

आम्ही शेवटी ऑस्कार ठेवलं. इथे चालतं, आईला म्हणता येतं, टिंब नाही, र शेवटी आहे तो मी गिळतो. दुसरं नाव ओंकार. गुरुवारी जन्मला, मंगळवारी, म्हणजे बरोबर पाचव्या दिवशी, मी मेरीत बसलो होतो, झोप नाही, दाढी नाही. बाईंनी कागद फिरवून समोर ठेवला, सही करा म्हणाल्या. मी पेन टेकवणार तेवढ्यात फोटो काढून बायकोला पाठवला, तिचा लगेच फोन, "अरे ओंकारात एम आहे, यांनी एन केलाय." बाईंनी एक उसासा टाकला, खोडलं, परत टाइप केलं, आणि मला विचारलं, "मस्यू मॉर, आता नक्की ना?"