दोघांनी युरोप फिरायचं तर पैशांचा हिशेब कसा मांडावा

पाठीवर सॅक टाकून युरोपला निघणारं प्रत्येक जोडपं मला पहिला प्रश्न एकच विचारतं: "दिवसाला माणशी किती धरायचे?" गडबड इथूनच सुरू होते. दिवसाला अमुक युरो, गुणिले पंधरा दिवस, गुणिले दोन माणसं, हा हिशेब सगळीकडे वाचायला मिळतो. तो तीन-तीन महिने एकट्याने भटकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. मुलुंडहून पंधरा दिवसांची रजा टाकून निघालेल्या नवरा-बायकोला तो उपयोगाचा नाही. २०१६ पासून आम्ही दोघं चार वेळा जाऊन आलो आणि दर वेळी पैसा गेला तो गाव बदलताना. म्हणून हिशेब दिवसांवर बांधू नका, मुक्कामांवर बांधा.

एका वहीत तीन रकाने आखा. पहिला, मुंबईतूनच जाणारा पैसा. दुसरा, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा. तिसरा, राहण्या-खाण्याचा. युरोचा दर आज असेल त्याहून थोडा वरचा धरा, म्हणजे निघेपर्यंत दर वर गेला तरी हिशेब कोलमडत नाही. इथे मी एक युरो म्हणजे ११० रुपये धरते.

पहिला रकाना

विमान, व्हिसा, विमा. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातले बरेचसे देश एकाच व्हिसावर फिरता येतात त्याची, फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, म्हणजे दोघांचे १८०. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क त्यावर वेगळं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंच्या कव्हरचा लागतो. विमानाचं तिकीट 'मल्टी-सिटी' शोधा: मुंबईहून रोमला उतरायचं आणि प्रागहून परत निघायचं. ज्या शहरात उतरलो तिथेच विमानासाठी परत जाण्यात एक दिवस आणि दोन तिकिटं फुकट जातात.

बँक स्टेटमेंटबद्दल एक वाईट सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. "अर्जाच्या आठवडाभर आधी बाबांकडून तीन लाख खात्यात टाकून घे." असं करू नका. स्टेटमेंट निदान तीन महिन्यांचं मागतात आणि शेवटच्या आठवड्यात अचानक आलेली रक्कम पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पहिली भरते. घरच्यांकडून पैसे घ्यायचेच असतील तर चार-पाच महिने आधी घ्या.

दुसरा रकाना, इथे घाई करू नका

पहिल्या वेळी आम्ही पंधरा दिवसांत सात शहरं केली. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस. एवढ्या लांब चाललोय तर सगळं पाहून घेऊ, हा विचार. नकाशावर ही शहरं दादर-ठाण्यासारखी शेजारी दिसतात. आमच्या बजेटमध्ये या प्रवासासाठी फक्त रेल्वे तिकिटांचा आकडा होता, बाकी काही नव्हतं.

व्हिएन्नाच्या स्टेशनवर एका बाकावर बसून मी आदल्या दिवसाचा खर्च लिहायला घेतला, तेव्हा खरा आकडा समोर आला. आयत्या वेळी काढलेली दोन तिकिटं, ९० युरो. प्रागमध्ये खोलीपासून स्टेशन आणि इथे स्टेशनपासून खोली, दोघांचे १२. सकाळी दहाला खोली सोडली आणि नवी खोली तीन वाजता मिळणार, म्हणून सामानाचं लॉकर, १०. स्वयंपाकघर हाताशी नाही म्हणून स्टेशनवरचं खाणं, २५. एका मुक्कामबदलाचे झाले १३७ युरो. असे सहा बदल, ८२२ युरो. ११०च्या हिशेबाने नव्वद हजार रुपये, आणि त्यांतले जवळजवळ तीस हजार आमच्या बजेटमध्ये कुठेच नव्हते. शिवाय प्रत्येक बदलात अर्धा दिवस गेला तो वेगळाच. व्हेनिसला पोचलो तेव्हा आम्ही ग्रँड कॅनॉलच्या काठी बसून पाव खात होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. पैशावरून झालेलं भांडण परक्या गावात फार लागतं, कारण तिथे रुसून जायला दुसरी खोलीही नसते.

आता आमचा नियम असा की पंधरा दिवसांत चार शहरं, म्हणजे तीनच बदल. तिकिटं आधी काढलेली, दोघांची मिळून सरासरी ४५ युरो. डबा खोलीवरूनच बांधून घ्यायचा. सामान नव्या ठिकाणी लवकर ठेवू देतील का ते आधी विचारून घ्यायचं, बहुतेक ठिकाणी फुकट ठेवतात. एक बदल साठ युरोंच्या आत बसतो. सातवरून चार शहरांवर आलं की आजच्या हिशेबाने सत्तर हजार वाचतात. दुसऱ्या कुठल्याही काटकसरीने एवढे वाचवून दाखवा.

स्वस्त तिकिटांत एक मोठी मेख आहे. रेल्वेची सवलतीची तिकिटं महिनोन् महिने आधी निघतात, पण ती ठरावीक गाडीचीच असतात आणि बहुतेकांचे पैसे परत मिळत नाहीत. २०१८ मध्ये आम्ही मोठ्या हौसेने ती आधी काढून ठेवली. व्हिसा हातात पडला तो निघायच्या ठरलेल्या तारखेनंतर चार दिवसांनी. १४० युरोंची तिकिटं गेली ती गेलीच. व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मग करा. क्रम असा ठेवा: आधी रद्द करता येतील अशा खोल्या, मग व्हिसा, आणि पासपोर्ट हातात आला की त्याच संध्याकाळी रेल्वेची तिकिटं. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा असतो. म्हणून शहरं आणि रात्री आधी पक्क्या करा, नंतर बदलू नका.

रेल्वे पास, म्हणजे एकदाच पैसे भरून ठरावीक दिवस गाड्यांनी फिरायचा परवाना. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तीन बदलांसाठी घेऊ नका. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे पास घेतल्यावर लक्षात येतं.

स्वस्त विमानांचं तिकीट वीस युरोंचं दिसतं, पण विमानतळ कुठे आहे ते आधी बघा. पॅरिसच्या नावावर खपणारं बोव्हे विमानतळ शहरापासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. बसची दोन तिकिटं आणि बॅगेचे पैसे मिळवा, मग रेल्वेशी तुलना करा.

"रात्रीचा प्रवास केला की एका रात्रीचं भाडं वाचतं" हा सल्ला आपल्याला एसटीच्या सवयीमुळे पटतो. मी तो मनापासून नाकारते. पहाटे साडेपाचला परक्या स्टेशनवर उतरल्यावर खोली दुपारपर्यंत मिळत नाही. लॉकरला पैसे, स्वच्छतागृहाला एकेक युरो, बसायला जागा हवी म्हणून दोन कॉफ्या. आणि तो दिवस दोघंही झोपेत काढतात.

तिसरा रकाना

इथे अनुभव लवकर येतो, म्हणून थोडक्यात. डॉर्ममधल्या, म्हणजे हॉस्टेलच्या अनेकांच्या सामायिक खोलीतल्या, दोन खाटांचं भाडं आणि त्याच भागातल्या साध्या डबल रूमचं भाडं शेजारी-शेजारी लिहा. आम्हाला बऱ्याचदा दहा-पंधरा युरोंचाच फरक दिसला आहे, तेव्हा दोघांनी रूमच घ्यावी. मात्र स्वयंपाकघर हवंच. शहराचा पर्यटन कर वेगळा धरा. ॲमस्टरडॅममध्ये तो भाड्याच्या १२.५ टक्के आहे आणि इटलीत माणशी, दर रात्रीचा असतो. तो अनेकदा तिथे पोचल्यावर रोख मागतात.

हिंग, मोहरी, हळद आणि मेतकूट छोट्या डब्यांतून न्या. प्रागच्या हॉस्टेलमध्ये नवऱ्याने बटाट्याच्या काचऱ्या परतायला घेतल्या, तर फोडणीच्या वासाने कोरियाच्या दोन मुली चमचे घेऊन येऊन बसल्या. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, भाजी-पाव शनिवारीच घ्या. जर्मनीत पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की पावती मिळते आणि ती बिलातून वळती होते. नळाचं पाणी पिता येतं.

तिकीट लागणाऱ्या गोष्टी प्रत्येक शहरात माणशी एकच ठेवा, आणि दोघांची तीच असावी असं नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं तिकीट युरोपबाहेरच्यांना जानेवारी २०२६ पासून ३२ युरो झालं आहे. नवऱ्याला चित्रांची आवड नाही, तर त्याने सीन नदीच्या काठाने तीन तास चालावं. आमच्याकडे हे ठरायला दोन सहली लागल्या.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत की युरोत? नेहमी युरो. रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो महागच असतो. बाहेरच्या चलनावर बँक किती टक्के कापते ते निघण्याआधी विचारून घ्या. युरोऐवजी चेकियात (प्राग तिथेच) कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतात, रोख लागेल तेवढीच काढा.

रोज रात्री झोपण्याआधी दोघांनी मिळून वहीत खर्च लिहायचा. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पावत्या वाचायच्या. पाच मिनिटं लागतात. आज जास्त गेले असतील तर ते उद्याच्या पानावर आधी वजा करून ठेवा, म्हणजे शेवटच्या शहरात कात्री लागत नाही.

आणि शेवटच्या सकाळी खिशातली नाणी मोजा. नोटा मुंबईत बदलून मिळतात, नाणी कोणी घेत नाही. आम्ही ती सगळी खोलीचा कर भरताना काउंटरवर ओततो, उरलेली विमानतळाच्या बसला.