पाण्याचिखलात चालणाऱ्या सहाचाकीचा गिअर अडकलाय? जोर लावण्याआधी या चुका टाळा

लीव्हर हलेना झाला की हात आपोआप जोर लावतो. तेवढा जोर लावू नका, हे सांगायलाच मी लिहायला बसलो आहे. आजवर माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांत मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ होता. मोठा खर्च आला तो जोर लावल्यामुळे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पुरानंतर हरिपूरच्या माझ्या एका गिऱ्हाइकानं जुनी सहाचाकी घेतली, जमिनीवर चालणारी आणि पाण्यावर तरंगणारी. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ त्यांची मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची जमीन आहे. पाणी ओसरलं तरी तिथल्या पोयट्यात पंधरा-पंधरा दिवस ट्रॅक्टर घालता येत नाही. ही गाडी फुगीर टायरांवर अलगद जाते, वैरण आणते, पाण्याची मोटर पोचवते. पण तिचा गिअर ट्रॅक्टरसारखा नाही, आणि चुका सुरू होतात त्या इथूनच.

या गाडीला क्लचचा पायडल नसतो. इंजिनाची ताकद दोन पुल्या आणि एका बेल्टमधून गिअरबॉक्सला जाते, अगदी बिनगिअरच्या स्कूटरसारखी. गिअरबॉक्समध्ये हाय, लो, न्यूट्रल आणि रिव्हर्स एवढंच. तिथून पुढं चेनवर चाकं फिरतात आणि एका बाजूची चाकं ब्रेकनं रोखली की गाडी त्या बाजूला वळते. म्हणजे गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करणारी गोष्ट एकच: आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन हळू चालत असताना, सैल पडलेला बेल्ट. तो सैल पडला नाही, तर दात एकमेकांवर दाबून बसतात आणि लीव्हर हलत नाही.

उतारावर गिअरमध्ये गाडी सोडणं

हरिपूरच्या गाडीचा पहिला बिघाड हाच होता. घाटाच्या उतारावर तोंड नदीकडं करून, लो गिअर टाकून इंजिन बंद केलं. ब्रेक लावला नव्हता. सकाळी गिअर सुटेना. कुणीतरी लीव्हरवर दोन फुटी पाईप घातला आणि ओढला. मी पोचलो तेव्हा लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी दांडी धनुष्यासारखी वाकली होती आणि तिच्या टोकाच्या पिनेचं भोक लांबट झालं होतं.

गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं. गाडीचं अख्खं वजन गिअरच्या दातांवर बसलं होतं, एवढंच. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी वीतभर मागं, चढाकडं ओढली आणि त्याच वेळी गिअरबॉक्सचा आर्म, म्हणजे दांडी जिला जोडलेली असते ती बाहेरची छोटी पट्टी, बोटांनी ढकलला. टक्‌ करून न्यूट्रल पडला.

म्हणून क्रम पाळा. गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक लावून लॉक करा, न्यूट्रल टाका, ब्रेक धरतोय याची खात्री करा, मगच इंजिन बंद करा. शक्यतो सपाटीवर थांबा. उतारावर थांबावंच लागलं तर चाकांना दगड लावा. अडकलाच तर आधी दातांवरचा भार काढा: दोघांनी मिळून गाडी पुढंमागं झुलवा आणि तिसऱ्यानं लीव्हरवर हलका हात ठेवा. मात्र उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. गिअर सुटला की गाडी मोकळी होते.

इंजिन बंद असताना पडतो की चालू असताना?

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू केल्यावर पडत नाही किंवा सुटत नाही, असं असेल तर गिअरबॉक्स उघडायचं नाव काढू नका. बेल्ट आयडललाही इंजिनाच्या पुलीत धरून राहतोय. आयडल जास्त ठेवलेलं असतं, थंड सकाळी ओढलेला चोक तसाच राहिलेला असतो, किंवा पुलीच्या सरकत्या भागात माती नि बेल्टची पूड साचून ती पूर्ण उघडत नाही. नवा बेल्ट टाकल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर त्याचा नंबर तपासा. मापात थोडा फरक असला तरी बेल्ट सैल पडत नाही. या गाड्यांतल्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांचं आयडल मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच धरा.

तपासणी सोपी आहे. न्यूट्रलमध्ये, ब्रेक लॉक करून इंजिन आयडलवर ठेवा आणि लांबून बघा. गिअरबॉक्सकडची पुली फिरत असेल तर दोष सापडला. सैल बाही, टॉवेल, हात जवळ नेऊ नका.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे पुलीवर ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणं. बेल्टला तेल लागलं की तो घसरतो, तापतो आणि जळतो. पुली कोरडीच साफ करायची, हवेच्या दाबानं.

पिन काढून बघा

इंजिन बंद असतानाही लीव्हर हलत नसेल तर ही एकच चाचणी करा. भार काढलेला, ब्रेक लॉक, चावी खिशात. गिअरबॉक्सच्या आर्मला जिथं दांडी किंवा केबल जोडलेली असते तिथली स्प्लिट पिन काढा, मोठी पिन बाहेर घ्या आणि दांडी बाजूला करा. आता आर्म हातानं हलवा आणि सोबत्याला गाडी जराशी झुलवायला सांगा.

आर्म टक्‌-टक्‌ करत एकेका जागी बसला तर गिअरबॉक्स ठणठणीत आहे; दोष लीव्हर, दांडी किंवा केबलमध्ये. आर्म हललाच नाही तर दोष आत. पाच मिनिटांचं काम, पण ते न करता लोक थेट गिअरबॉक्स उतरवतात आणि बाहेरची गंजलेली पिन तशीच राहते.

बाहेरचा दोष असेल तर तो बहुधा आपला पोयटाच. ओला असताना लोण्यासारखा मऊ, वाळला की सिमेंट. गाडीच्या पोटात पाणी शिरतं, गाळ सांध्यांत बसतो, वरून गंज चढतो. सांधे ब्रशनं साफ करा, गंजावरचं तेल सोडून रात्रभर थांबा, सकाळी हलक्या हातानं हलवा. हातोडी नको. केबलच्या टोकांवर प्रेशरचं पाणी मारू नका, त्यानं गाळ आणखी आत जातो. बंद नळीतल्या केबलमध्ये पाणी जाऊन ती गंजली असेल तर नवीनच टाका. तेल घालून ती आठवडाभर चालते आणि नेमकी मळीत दगा देते.

ऑइल दुधाळ दिसलं तर

पुरानंतर पाण्याखाली गेलेल्या ट्रॅक्टरांचे कितीतरी गिअरबॉक्स मी उघडले. प्लग काढला की दुधाच्या चहासारखं ऑइल बाहेर यायचं. या सहाचाकीत तेच व्हायला पुराची गरज नसते. तासभर चालून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदरची, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर होऊ देणारी नळी चेपलेली किंवा खाली लोंबत असेल, सील जुनं असेल, तर तिथून पाणी ओढलं जातं. मग गिअर जागेवर धरून ठेवणारी आतली गोळी आणि तिची स्प्रिंग गंजते, नि लीव्हर दगडासारखा होतो.

त्यामुळं पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडी थंड होऊ द्या. ब्रीदरची नळी उंचावर आणि मोकळी ठेवा. गाडीच्या तळाचे प्लग बसवलेत ना, हे हात लावून तपासा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका. ते काढा, नवं भरा, जागेवरच न्यूट्रलमध्ये आणि गिअरमध्ये चाकं अधांतरी ठेवून थोडं फिरवा, पुन्हा काढा. दुसऱ्यांदाही पांढरट आलं तर पुन्हा तेच. पाणी शिरलं कुठून ते सापडल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

आणि गिअर पाण्यात बदलायचा नाही. काठावर थांबून, आयडलवर, हवा तो टाकून मग उतरायचं. नुसत्या चाकांच्या वल्हवण्यावर ही गाडी पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरच जाते. पुराच्या कृष्णेत तिला नेऊ नका. तिथं गिअर चांगला असूनही काही उपयोग होत नाही.

जोडताना

दुरुस्तीनंतर दांडी जोडताना लीव्हर न्यूट्रलच्या खाचेत ठेवा, आर्मही न्यूट्रलला ठेवा आणि पिन स्वतःहून भोकात जाईल इतकी दांडीची लांबी जुळवा. पिन ठोकून बसवावी लागत असेल तर लांबी चुकली आहे. लीव्हर न्यूट्रल दाखवतो आणि आत गिअर अर्धा पडलेला असतो. इंजिन चालू करताच गाडी अंगावर येऊ शकते. हरिपूरच्या गाडीची दांडी नवीन केली, तेव्हा लॉकनट चार वेळा सैल करून मगच माझं समाधान झालं. आता त्या गाडीच्या आर्मवर आणि गिअरबॉक्सच्या बॉडीवर न्यूट्रलला जुळणारी एक पिवळी रेघ आहे. मालकांचा धाकटा मुलगा चावी फिरवण्याआधी वाकून ती रेघ बघतो.