बांध साफ करायची घाई नको : ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

पाऊस उघडला की विळा, तणनाशक किंवा काडेपेटी घेऊन आपण आधी बांधाकडे वळतो. वेळ मात्र चुकते. तूर फुलोऱ्याला लागलेली असते, हस्त बहराचे डाळिंब फुललेले असते आणि दोन्हीकडे येणाऱ्या सातेरी-फुलोरी मधमाश्यांचा बाकीचा चारा याच दिवसांत बांधावर असतो : कुर्डू, तरवड, बोर, बाभूळ. बांध एका दिवसात उघडा केला की माश्यांची वर्दळ घटते.

म्हणून बांधाचे तीन तुकडे करा. पहिला आता कापा, दुसरा तीन-चार आठवड्यांनी, तिसरा कुर्डूचे बी मुनिया पाखरांनी टिपून झाल्यावर. जमिनीपासून वीतभर बुडखा राहू द्या. जाळू तर नकाच. एकट्या राहणाऱ्या कित्येक मधमाश्या जमिनीत घर करतात, काळे भुंगे वाळक्या लाकडात आणि बांबूत. आगीत लाकडा-बांबूतल्या घरांचा तर हमखास बळी जातो. कुर्डू बांधावर ठेवा, पण पिकात शिरलेला बी धरण्याआधी उपटा. एका तुऱ्यात शेकड्याने बी असते, पुढच्या खरिपात निंदणीचा खर्च वाढतो.

बांधावरचे सगळेच राखायचे असे नाही. कपाशीशेजारची पेठारी, रानभेंडी, अंबाडी आणि गाजरगवत काढा, कारण पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड तिथून पिकात उतरते. डाळिंब किंवा मोसंबीची बाग असेल तर गुळवेल आणि वासनवेलही काढाव्या लागतील. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या त्यांच्यावर वाढतात. एरवी गुळवेल चांगली, पण बागेजवळ नको. घाणेरीवर फुलपाखरे दिसतात म्हणून ती ठेवण्याचा मोह होतो. ती परदेशी आहे, देशी झुडपांना दाबते, मुळासकट खणा. नुसती छाटली तर दुप्पट फुटते. पिवळाधमक कॉसमॉसही आपला नव्हे. तो रानफूल समजून त्याचे बी टेकडीवर उधळू नये. रुईवरच्या पट्टेरी अळ्यांना मात्र हात लावू नका, त्या बिबळ्या कडवा फुलपाखराच्या आहेत आणि तुमच्या पिकाला तोंड लावत नाहीत.

नवी लागवड कोरडवाहू बांधावर आता करू नये; ऑक्टोबरच्या उन्हात ओल उतरते आणि कोवळे रोप डिसेंबरपर्यंत टिकत नाही. आता रोपांची तयारी करा. निर्गुडी आणि अडुळशाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, 20 ते 25 सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांच्या (जिथून कोंब फुटतो त्या गाठींच्या) काड्या घ्या. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील अशा लावा. काडी उलटी लागली तर फुटत नाही, म्हणून खालचे टोक तिरके कापून खूण ठेवा. शेणखत कच्चे असेल तर काडी कुजते. पिशव्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहील इतपतच पाणी द्या. शेळ्या या दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या बांधाला हीच सोयीची.

तरवडाच्या शेंगा तपकिरी झाल्या की तोडून सावलीत वाळवा. बियांचे कवच टणक असते. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाका, रात्रभर तसेच राहू द्या. फुगलेले तेवढेच पेरा, तळाशी कडक राहिलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत पेरले की जूनपर्यंत लावण्याजोगे रोप मिळते.

तुरीत फवारणी करावीच लागली तर सूर्य मावळताना, माश्या परतल्यावर करा. त्याआधी हेक्टरी 50 पक्षीथांबे रोवा : इंग्रजी टी अक्षरासारखे, पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच. कोतवाल आणि वेडा राघू त्यावर बसतात. तुरीच्या शेंगा पोखरणारी घाटे अळी टिपायला कोतवाल उत्तम. शेजारी ज्वारी असेल तर तिचे दाणे भरू लागताच त्या बाजूचे थांबे काढून घ्या, नाहीतर पाखरे कणसांवर बसतील.