डेअरीच्या सांडपाण्यावर शेवाळाचा हौद

पनीर-दही करणाऱ्या मुंबईतल्या छोट्या डेअरीने शेवाळाच्या हौदाला हात घालण्याआधी एक हिशेब मांडावा. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर पाण्याच्या हौदात २००० लिटर पाणी राहते. ऊन चांगले असेल तर त्यात रोज १०० ते १२० ग्रॅम सुके शेवाळ तयार होते आणि त्यातून जेमतेम २५ लिटर मिथेन, म्हणजे जळणाचा वायू, मिळतो. उलट पनीर गाळून उरलेल्या १०० लिटर निवळीत दीड ते दोन घनमीटर मिथेन दडलेला असतो. म्हणून निवळी हौदात सोडूच नका. ती शेणाबरोबर, थोडी थोडी वाढवत, डायजेस्टरला, म्हणजे बायोगॅसच्या बंद टाकीला, द्या. तिथला पीएच ६.८ च्या खाली आला की दोन दिवस निवळी बंद. हौदाचे काम डायजेस्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया आणि फॉस्फेट उचलणे. बायोडिझेलचा नाद सोडा, शेवाळ सुकवायलाच बरेच इंधन जाते.

जागा बहुधा गच्चीच असते. २० सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २०० किलो, तेही हौदाचे वजन सोडून. स्ट्रक्चरल इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय एक बादलीही ओतू नका.

भांडी-टाक्या धुण्याचे पाणी आधी वेगळे करा. कॉस्टिक आणि आम्लाचे पाणी एका टाकीत एकमेकांना मारू द्या, पीएच ७ ते ८ वर आणा. सायीसाठी चरबी-सापळा ठेवा. साय हौदात गेली की पाण्यावर पापुद्रा धरते आणि खाली उजेड पोचत नाही. क्लोरीनने निर्जंतुक केलेल्या टाकीचे पाणी मात्र क्लोरीन-किटवर शून्य दिसेपर्यंत उघडे ठेवा.

सुरुवातीला २०० ते ३०० लिटर गडद हिरवे क्लोरेला किंवा सेनेडेस्मस जातीच्या सूक्ष्म शेवाळाचे पाणी विरजणासारखे घाला आणि पाच-सहा दिवस हात लावू नका. मग रोज सहावा हिस्सा, म्हणजे ३३० लिटर, काढून तेवढेच नवे पाणी भरा. ११० ग्रॅम शेवाळ साधारण ८ ग्रॅम नायट्रोजन खाते, त्यामुळे भरणीत लिटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन पुरेसा. डायजेस्टरचे पाणी शेवटच्या धुण्याच्या पाण्याने तेवढे पातळ करा. महापालिकेचे पाणी त्यासाठी वाया घालवू नका. भरणी सकाळी अकरा आणि दुपारी दोन अशी विभागून द्या. रात्री दिली तर जिवाणू प्राणवायू संपवतात आणि सकाळी हौदाला कुजका वास येतो. पॅडलने पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर फिरत राहिले पाहिजे.

दुपारी पीएच ९ च्या वर गेला तर अमोनिया हवेत उडतो. चाचणीत आकडा छान दिसतो, पण ते शुद्धीकरण नव्हे. भरणीचे आणखी भाग पाडा.

हिरवा रंग दोन दिवसांत पिवळट-तपकिरी झाला आणि पाणी अचानक निवळले, तर थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. तोंडाशी केसांचे चक्र फिरवत शेवाळ गिळणारे रोटिफर दिसले की हौद वाचवायचा खटाटोप करू नका. रिकामा करा, घासा, दोन दिवस उन्हात सुकवा आणि राखीव शेवाळाच्या, झाकून ठेवलेल्या २० लिटरच्या बरण्यांतून पुन्हा सुरू करा. बरण्या दर आठवड्याला ताज्या कराव्या लागतात, आणि इथेच बहुतेक जण आळस करतात.

पावसाचे गणित वेगळे. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि मुंबईत तो पडतोच, तर १० चौरस मीटरच्या हौदात हजार लिटर पाणी वाढते आणि शेवाळ काठावरून नाल्यात. जूनच्या आधी पारदर्शक छत हवेच. ढगाळ दिवसांत भरणी निम्म्यावर आणा.

काढलेले पाणी मलमलीतून गाळून उपयोग नाही, पेशी काही मायक्रॉनच्या, सरळ निसटतात. शंकूच्या तळाच्या टाकीत चुना घालून पीएच १०.५ ते ११ करा. तास-दोन तासांत हिरवा गाळ खाली बसतो. चुन्याचे प्रमाण एकेका लिटरच्या भांड्यात आधी ठरवा. गाळ ओलाच डायजेस्टरमध्ये टाका, पण शेणात मिसळून: शेवाळात नायट्रोजन इतका की एकटे दिले तर अमोनिया डायजेस्टर बसवतो. वरचे पाणी पुन्हा ६.५ ते ८.५ वर आणून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातल्या मर्यादेत बसते का ते तपासूनच गटारात सोडा.