उबदार फिका रंग निवडण्याआधी

सुरुवात शेडकार्डापासून करू नका. आधी खोलीत जे बदलणार नाही ते बघा: फरशी, दारं आणि चौकटी, भिंतीतली कपाटं, ओट्याचा दगड, आणि तोच राहणार असेल तर सोफा. रंगाच्या शेकडो छटा मिळतात, फरशी आहे ती आहे. जुळवून भिंतीनेच घ्यायचं.

मग कोरा पांढरा कागद घ्या. तो फरशीवर ठेवा, दाराला टेकवा, सोफ्यावर पसरा आणि दिवसाउजेडी बघा. एरवी नुसती ‘बेज’ वाटणारी फरशी कागदाशेजारी गुलाबीकडे किंवा हिरवटपणाकडे झुकलेली दिसेल. ही झाक ओळखणं हेच या सगळ्या तयारीतलं मुख्य काम आहे. बेज, क्रीम, वाळूचा रंग, राखाडी-बेज ही नावं फसवी असतात, झाक फसवत नाही. हे रंग बहुतेक वेळा पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा रंग अगदी थोडा मिसळून तयार होतात. लाल किंचित वाढला की रंग गुलाबीकडे जातो, पिवळ्यात काळा पडला की हिरवट होतो. कार्डावरच्या फिक्या चौकोनात हे कळत नाही, म्हणून त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटा बघा. तिथे झाक स्पष्ट दिसते. फरशीची झाक गुलाबी असेल तर पिवळसर क्रीम टाळा. दोघं शेजारी आले की फरशी आणखी गुलाबी दिसते आणि भिंत आणखी पिवळी.

दिवे रंगाच्या आधी ठरवा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उजेड, 6500 म्हणजे निळसर पांढरा. दिवसा सुंदर दिसणारा बेज 6500 च्या ट्यूबखाली निस्तेज आणि मळका वाटू शकतो, आणि आधीच पिवळसर असलेला क्रीम 2700 खाली फार पिवळा होतो. माझ्या एका खोलीत मी रंग आधी लावला आणि दिवे नंतर बदलले; संध्याकाळी ती भिंत मी निवडलेली भिंत राहिलीच नव्हती. तेव्हापासून हा क्रम मी कधीच उलटा करत नाही. खिडकीबाहेर काय आहे तेही बघून ठेवा. दाट झाडी असेल तर हिरवा उजेड आत येतो, समोर विटांची भिंत असेल तर तांबूस.

आता दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा, जास्त नकोत. नमुना थेट भिंतीवर लावू नका, कारण जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. ए-4 किंवा त्याहून मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा आणि पूर्ण वाळू द्या. पुठ्ठा उभाच धरून बघा, आडवा नाही: भिंतीवर उजेड वेगळ्या कोनातून पडतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, असं निदान दोन दिवस बघा. एक पुठ्ठा मधोमध दुमडून कोपऱ्यात उभा करा. दोन भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तो कोपऱ्यात गडद दिसतो; चारही भिंती रंगल्यावर खोलीभर थोडंफार हेच होतं. दोन छटांत अडकलात तर फिकी घ्या.

काही कार्डांवर एलआरव्ही हा आकडा असतो, म्हणजे छटा किती उजेड परत फेकते त्याचं माप. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. साठच्या वरची छटा बराच उजेड परत फेकते. पण मुळातच कमी उजेडाच्या खोलीत फार पांढरा रंग करडा पडतो. तिथे थोडी भरीव, मध्यम छटा मला जास्त जिवंत वाटते.

छताला शुभ्र पांढरा देण्याची सवय सोडा. त्याच्याशेजारी उबदार भिंत जुनाट वाटते. भिंतीच्याच झाकेचा उबदार पांढरा छताला आणि चौकटींना द्या. लाकूड नारिंगी-पिवळ्या पॉलिशचं असेल तर राखाडीकडे झुकणारा बेज त्याला शांत करतो. सोबतीला तिसरा रंग थोडाच हवा: गेरू, मातकट हिरवा किंवा गडद निळा, उशीवर किंवा एका खुर्चीवर. शांत रंगाला पोताची गरज असते, म्हणून ताग, जाडाभरडा सुती कपडा, वेत असं काहीतरी खोलीत असू द्या.

फिनिशही आत्ताच ठरवा. मॅट भिंतीचे उंचवटे झाकतं, सॅटिन पुसायला सोपं पण दोष दाखवतं. चकाकीनुसार तोच रंग वेगळा भासतो, तेव्हा नमुनाही त्याच फिनिशचा हवा.

ओल असेल तर आधी तिचं कारण दूर करा. नवा गिलावा साधारण 28 दिवस वाळू द्या. पुट्टी, घासकाम, प्रायमर यांत घाई नको. भिंतींचं क्षेत्रफळ मोजून दोन हातांचा हिशेब करा. एक लिटर किती चौरस मीटरला पुरतो ते डब्यावर लिहिलेलं असतं. सगळे डबे एकदमच आणा आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, म्हणजे डब्या-डब्यांतला फरक भिंतीवर उतरत नाही. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा. छटेचा कोड, फिनिश आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.