वाचनालयाच्या सर्व्हरपुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवण्यापूर्वी

फोंड्यातील आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची आजवर फक्त इमारतीतील संगणकांवरच पाहता येत असे. ती आता सभासदांना घरूनही सुरक्षितपणे पाहता यावी म्हणून सर्व्हरपुढे एनजिनएक्स हा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या स्वतः घेऊन आतल्या प्रणालीकडे पोहोचवणारा मध्यस्थ, बसवायचा आहे. कॉन्फिगरेशनच्या ओळी लिहायला तासभर पुरतो. पण त्याआधी करायच्या गोष्टी राहिल्या की पुढचे चार दिवस त्या शोधण्यातच जातात, म्हणून ही यादी.

प्रथम इंटरनेटची जोडणी तपासावी. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवा पुरवणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मग राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे आत येण्याची क्रमांकित दारे, उघडले तरी बाहेरची विनंती आत पोहोचत नाही. अशा वेळी स्थिर पत्ता मागून घ्यावा, अथवा प्रॉक्सी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून तेथून वाचनालयापर्यंत वायरगार्डची (सुरक्षित खासगी बोगद्याची) जोडणी करावी. डोमेनच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरत्र लक्षात ठेवला जाण्याचा काळ, आदल्या दिवशीच 300 सेकंदांवर आणून ठेवला, म्हणजे पत्ता चुकला तरी दुरुस्ती लवकर पसरते.

यानंतर दारे मोजावीत. बाहेरून केवळ 80 (साधे एचटीटीपी) आणि 443 (सुरक्षित एचटीटीपीएस) हे दोनच पोर्ट उघडे असावेत. 80 वर आलेल्याला 443 कडे वळवायचे असते, शिवाय एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा डोमेन आपलेच असल्याची नेहमीची पडताळणी 80 वरूनच करते. ग्रंथसूचीची मूळ प्रणाली 8080 वर चालत असेल तर ती 127.0.0.1 याच, म्हणजे त्या यंत्रापुरत्याच, पत्त्याला बांधलेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. प्रणाली डॉकरमध्ये (कार्यक्रम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) असेल तर हे अधिकच जपून पाहावे, कारण डॉकरने प्रसिद्ध केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम ओलांडून बाहेर उघडा राहू शकतो. पुढच्या दाराला भक्कम कुलूप लावून मागीलदार उघडे ठेवण्याचाच हा प्रकार होय. कर्मचाऱ्यांचे देवघेवीचे पान तर प्रॉक्सीतून बाहेर देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सभासदांना सूची हवी असते, नोंदवही नव्हे.

मूळ प्रणालीला प्रॉक्सीमागे राहण्याची सवय आहे का, हेही पाहून ठेवावे. होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर (विनंती कोणत्या नावासाठी, कोणत्या पत्त्यावरून आणि एचटीटीपीएसने आली का, हे सांगणाऱ्या ओळी) पुढे न पाठवल्यास लॉगमध्ये प्रत्येक सभासद 127.0.0.1 वरूनच आलेला दिसतो, आणि मूळ प्रणाली स्वतःही एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर ब्राउझर त्याच पानावर गोल गोल फिरत राहतो. मात्र हे हेडर कोणीही खोटे लिहून पाठवू शकतो, म्हणून ते प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आले असतील तरच मानावेत, अशी सोय प्रणालीत आधी करून घ्यावी. एनजिनएक्स मूळ मांडणीत 1 एमबीपेक्षा मोठी विनंती 413 ही त्रुटी दाखवून परत पाठवतो आणि उत्तराची वाट 60 सेकंदच पाहतो. मुखपृष्ठांचे स्कॅन चढवायचे असतील तर ही मर्यादा किती हवी ते ठरवून ठेवावे.

टीएलएसच्या, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सांकेतिक पद्धतीच्या, 1.2 आणि 1.3 याच आवृत्त्या ठेवाव्यात, 1.0 आणि 1.1 या 2021 मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आहेत. प्रमाणपत्राची रंगीत तालीम लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणी सर्व्हरवर करावी, कारण खऱ्या सर्व्हरवर एकाच नावाची पडताळणी तासाभरात पाचदा फसली की थांबावे लागते. त्यांचे नेहमीचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते. जूनच्या मध्यावर घेतलेले बरोबर सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे बहुधा चवथीच्या आगेमागे संपते, जेव्हा सर्व्हरकडे पाहायला कोणी जागेवर नसते. नूतनीकरण आपोआप होईल आणि त्यानंतर एनजिनएक्स रीलोडही होईल, याची खात्री करून घ्यावी. मुदत संपत आल्याची ईमेल ती सेवा 2025 पासून पाठवत नाही.

विजेचा विचार वेगळा करावा लागतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याच हातून एक चूक झाली होती: कॉन्फिगरेशनमध्ये प्रॉक्सीमागच्या संगणकाचे नाव लिहिले होते, वीज परत आल्यावर सर्व्हर राउटरच्या आधी उठला, नावाचा पत्ता सापडला नाही आणि एनजिनएक्स सुरूच झाला नाही. तेव्हापासून मी तेथे नावाऐवजी आकडी पत्ता लिहितो आणि यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटरही जोडतो.

शेवटची चाचणी वाचनालयाच्या वाय-फायवरून न घेता मोबाईलच्या डेटावरून घ्यावी: सूची उघडली पाहिजे, 8080 उघडता कामा नये, आणि त्यानंतर सर्व्हर आणि राउटर या दोन्ही यंत्रांची वीज मुद्दाम बंद करून, पुन्हा सुरू झाल्यावर कोणीही हात न लावता सूची उघडते का ते पाहावे.